दोघांसाठी एक कीबोर्ड

८ जानेवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. वही टायरवाल्याने फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक टायर छापलाय, पण कागद बरा आहे.

लायब्ररीच्या तळघरात ‘मोठ्यांसाठी कॉम्प्युटर’ वर्ग सुरू झाला. दर मंगळवारी, दहा ते अकरा. आम्ही सहा जण. बाकीचे पाच म्हातारे आहेत. मी त्रेसष्ट. शिकवायला बोड्री बाई, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एका तासात स्क्रीनवर एक पांढरी विंडो उघडली आणि तिच्यात लाल चौकोन काढला. बाई म्हणाल्या, छान. तसं त्या सगळ्यांनाच म्हणाल्या, पण माझ्या वेळचा आवाज वेगळा होता.

एकतीस वर्षं टेलिफोन कंपनीत खांबांवर चढून काढली. हजार तारांतून नेमक्या दोन शोधून काढणाऱ्या माणसाला शंभर बटणांचं काय कौतुक.

ठरलं. अर्लीन परत येईपर्यंत तिच्यासाठी एक गेम बनवायचा. दोघांनी शेजारी शेजारी बसून एकाच कीबोर्डवर खेळायचा. ती एस्कनाबाला आहे, तिच्या बहिणीकडे. जोनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून गेली. ऑगस्टमध्ये. गुडघ्याला वेळ लागतो.

९ जानेवारी, बुधवार

संकल्प:
रोज दोन तास प्रोग्रॅमिंग.
सकाळी फक्त ओटमील.
अर्लीनला फोन करायचा नाही. सरप्राइज आहे.

दुपारी फोन केला. तिने उचलला नाही, म्हणजे संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.

१२ जानेवारी, शनिवार, सकाळी ११

की दाबली की चौकोन सरकला पाहिजे. सरकत नाही. तासभर बाणाची की दाबतोय. कीबोर्ड उलटा करून झटकला. ओटमीलचे तीन दाणे आणि लोकरीचा एक धागा निघाला.

११.४०

सापडलं. माझी विंडो मागे होती. पुढे हवामानाची विंडो उघडी होती आणि बाण तिला जात होते. जी विंडो समोर असेल तिलाच कॉम्प्युटर ऐकवतो, मागचीला काही सांगत नाही. हे कुठेतरी ठळक अक्षरांत लिहायला नको? पावणेदोन तास मी मिशिगनचं हवामान डावीकडे सरकवत होतो.

१५ जानेवारी, मंगळवार

वर्ग. माझा चौकोन सरकतो, पण जिथून जातो तिथे काळा पट्टा राहतो. बाई म्हणाल्या, “क्लाइड, प्रत्येक वेळी आधीचं चित्र पुसून नवं काढायचं. तुम्ही पुसायला विसरलात.” मी म्हटलं, “विसरलो नाही, बाई, हाच तर गेम आहे. पांढरा म्हणजे बर्फ. चौकोन म्हणजे फावडं मारणारा माणूस. तो जातो तिथे खालचा रस्ता दिसतो.” हे बोलून होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अशाच क्षणी मोठे शोध लागत असणार.

तर गेम असा: घरापुढचा ड्राइव्हवे, त्यावर बर्फ, आणि दोघांनी मिळून तो काढायचा. लाल मी, निळी अर्लीन.

मग बाईंनी कीबोर्ड ऐकायच्या दोन रीती सांगितल्या. पहिली: की दाबली की कॉम्प्युटर बातमी देतो. दाबून धरली तर तीच बातमी पुन्हा पुन्हा देतो, टाइप करताना एकच अक्षर धावत सुटतं तशी. दुसरी: आपण एक यादी ठेवायची. की दाबली की यादीत नाव घालायचं, सोडली की खोडायचं, आणि चित्र काढायच्या आधी दर वेळी यादी बघायची. म्हणाल्या, “दोघं खेळणार असतील तर दुसरीच वापरा. की दाबल्याची बातमी सगळेच घेतात. सोडल्याची घ्यायला विसरतात.”

सोडल्याची दखल कशाला घ्यायची? सोडली म्हणजे सोडली. मी उतरवून घेतलं नाही. ही भर त्या बहुधा वर्ग लांबवायला घालतात.

१९ जानेवारी, शनिवार

पहिली रीत झकास चालते. की दाबून धरली की चौकोन आधी एक पाऊल टाकतो, मग क्षणभर दम खातो, मग धावतो. अगदी माणसासारखं. हे मी मुद्दाम घातलेलं नाही, पण तसं कुणाला सांगायची गरज नाही.

मला डावीकडची चार अक्षरं, अर्लीनला उजवीकडचे बाण. बाण सोपे असतात. यात बायकोचा विचार दिसतो.

कसून चाचणी घेतली. आधी डाव्या हाताने लाल चालवला, मग उजव्या हाताने निळा. पुन्हा लाल, पुन्हा निळा. एकही चूक नाही. चार डाव झाले, तीन डावांत निळीने जास्त बर्फ काढला. मी हरल्याचं अर्लीनला बरं वाटेल.

शनिवार म्हणून सॉना, आमची वाफेची खोली, तापवला. एकट्यासाठी तापवायला लाकडं तेवढीच लागतात. वरच्या फळीवर मी बसलो, खालची रिकामी. कढत पाणी दगडांवर कुणी ओतायचं यावरून भांडण झालं नाही. शांत वाटलं. फार शांत. सात मिनिटांत बाहेर आलो.

२४ जानेवारी, गुरुवार

रात्रीतून चौदा इंच बर्फ. ड्राइव्हवे काढता आला नाही, कारण मी बर्फ काढायच्या प्रोग्रॅममध्ये गुंतलो होतो.

साडेनऊला आमचा शेजारी पेल्टोला न विचारता त्याचं मशीन घेऊन आला आणि आमचा बर्फ उडवून गेला. काय तो आवाज! दोनदा टायपिंग चुकलं. पण शेजारधर्म म्हणून खिडकीतून हात केला. तो दाराशी आला, नाकाला बर्फ लागलेला, म्हणाला, “काय क्लाइड, जिवंत आहेस ना? अर्लीन कधी येतेय?” मी म्हटलं, “मार्चपर्यंत.” मग पायऱ्याही साफ करून गेला. पायऱ्या मी सांगितल्या नव्हत्या.

इथे नोंद असावी म्हणून: बर्फ अर्लीनच काढायची. माझ्या पाठीला जपायला डॉक्टरांनी अठ्ठ्याण्णव साली सांगितलं होतं. ते डॉक्टर आता हयात नाहीत, त्यामुळे सल्ला मागे घ्यायलाही कुणी नाही.

३० जानेवारी, बुधवार

उणे अठ्ठावीस. शाळा बंद, पोस्ट बंद. ओटमील संपलं, आता डोनट.

आणि अर्लीनचा फोन आला! आपणहून! शनिवारी, दोन मार्चला येतेय. जोनीची व्हॅन घेऊन. शिलाई मशीन आणि लोकरीची खोकी न्यायचीत म्हणाली, आणि घराच्या काही कागदांवर सही हवी आहे.

मशीनचं सर्व्हिसिंग राहिलंच होतं. कागद विम्याचे असणार. व्हॅन बर्फात चांगली चालते.

विचारलं, “राहशील ना?” म्हणाली, “अंधार पडायच्या आत परत निघायचंय, क्लाइड.” जोनीला अंधारात नीट दिसत नसावं. वयच झालं तिचं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

बोड्री बाईंची एक पद्धत आहे. आपण केलेला प्रोग्रॅम आपण तपासायचा नाही. शेजारच्याला बसवायचं आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं. त्या म्हणतात, “ज्याने रस्ता बांधला तो खड्डा चुकवूनच चालतो. खड्डा कळतो तो पाहुण्याला.” सगळ्यांनी जागा बदलल्या. मी बदलली नाही. म्हटलं, माझं सरप्राइज आहे.

बाई माझ्याजवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, “दोघांचा गेम आहे, क्लाइड. दुसऱ्याने एकदा तरी हात लावायला हवा. मी बसते ना तिच्या जागी पाच मिनिटं.”

मी नाही म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. सगळे बघायला लागले. अर्लीनच्या जागी कुणी बसायचं नाही. बाईंचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

गेम संपल्यावर बक्षीस हवं. पास्टीचं चित्र काढायचं ठरवलं. आतलं मांस-बटाट्याचं सारण, कडेला मुडप. पाच दिवस लागले. आज वर्गात बाई म्हणाल्या, सपात छान आलीय.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

व्हॅलेंटाइन. कार्ड पाठवायचं राहिलं. त्याऐवजी निळ्याची छटा बदलली. तिच्या चांगल्या कोटासारखी केली. कार्डापेक्षा हे टिकाऊ.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गाला गेलो नाही. आता त्यांच्याकडे मला शिकवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

दुपारभर पेल्टोलाच्या खिडकीत दिवा होता. त्याची बायको आणि तो पत्ते खेळत होते. मी बघत नव्हतो. कॉम्प्युटर त्या बाजूला आहे, त्याला मी काय करणार.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

घर आवरायला घेतलं. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर असल्याने जेवण सिंकपाशी उभ्यानेच होत होतं. उभ्याने पचतं. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या. आधी डावीकडे बसून पाहिलं, मग उजवीकडे. उजवीकडून स्क्रीनवर खिडकीचा उजेड पडतो. खुर्च्या सरकवल्या. आता दोन्हीकडून छान दिसतं.

काय बोलायचं तेही ठरवलं. “अर्लीन, पाच मिनिटं बस.” बस, एवढंच. बाकीचं गेम बोलेल.

१ मार्च, शुक्रवार

चर्चमधल्या बायकांकडून चार पास्ट्या आणल्या. दोघांना दोन, जोनीला एक, एक शिल्लक असावी म्हणून. सलगम न घातलेल्या घेतल्या. अर्लीनला सलगम आवडतं, पण मला चालत नाही आणि आमच्या घरात नेहमी एकसारख्याच आणतात.

शेवटची चाचणी. लाल, मग निळा. उत्तम. घोटून दाढी केली.

२ मार्च, शनिवार

सगळं आठवतंय तसं लिहून ठेवतो.

अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हॅन आली. जोनी आधी उतरली. पोर्चच्या पायऱ्या दोन-दोन ओलांडत वर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मशीन कुठंय?” मागून अर्लीन. केस कापलेत. बरी दिसत होती. खूपच बरी दिसत होती.

जोनी खोकी नेत होती तेवढ्यात मी म्हटलं, “अर्लीन, पाच मिनिटं बस.” ती बसली. मी म्हटलं, “कोट तरी काढ.” ती म्हणाली, “पाच मिनिटं म्हणालास ना.”

गेम सुरू केला. सांगितलं, बाण तुझे, निळी तू. ती म्हणाली, “हा आपला ड्राइव्हवे?” म्हणजे न सांगता ओळखला! तिने उजवा बाण धरला. निळी एक पाऊल गेली, दम खाल्ला, धावायला लागली. मागे काळा रस्ता उघडत गेला. अर्लीन म्हणाली, “अगं बाई, हे तू केलंस?”

मग मी माझी की दाबली. लाल निघाला आणि निळी जागच्या जागी थांबली.

तिने बाण दाबलेलाच होता. निळी हलेना. तिने बोट उचलून पुन्हा दाबलं. निळी निघाली, माझा लाल थांबला. मी पुन्हा दाबली. लाल निघाला, निळी थांबली. एका वेळी एकच. शेवटी जो दाबेल त्याचीच बातमी येते, आधीच्याची बंद. सहा आठवडे मी एका हातामागून दुसरा हात वापरत होतो. दोन्ही एकदम कधी दाबलेच नव्हते.

मी म्हटलं, “तू जरा थांब ना. आधी मला जाऊ दे, मग तू.”

अर्लीन हसायला लागली. डोळे पुसत हसत होती. ऑगस्टपासून या घरात कुणी हसलेलं नव्हतं. म्हणाली, “नाही रे क्लाइड, अगदी बरोबर जमलंय तुला. मी बर्फ काढायला घेतला की तू थांबतोस.”

मी म्हटलं, “कीबोर्ड हलका आहे. कंपनीचा दोष आहे.”

तिने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. म्हणाली, “बरं, घे. तू काढ. मी बघते.” मग मी एकट्याने काढला. या कडेपासून त्या कडेपर्यंत. तीन मिनिटं लागली. ती शेवटपर्यंत बघत बसली. पास्टीचं चित्र आलं तेव्हा म्हणाली, “बत्तीस वर्षं मला एवढंच बघायचं होतं.” आता ती हसत नव्हती.

मी म्हटलं, “आणखी एक डाव?”

ती म्हणाली, “नको. पेन आहे का तुझ्याकडे?”

कागद विम्याचे नव्हते. पहिल्या पानावरच ठळक अक्षरांत ‘घटस्फोट’ लिहिलेलं होतं, वाचायला चष्मा लागला नाही. चार ठिकाणी सही केली. माझं नाव डावीकडे, तिचं उजवीकडे.

पास्ट्या गरम करतो म्हटलं तर जोनी म्हणाली, वाटेत खाऊ. चारही बांधून दिल्या. त्यातली एक माझी होती हे तेव्हा सुचलं नाही.

३ मार्च, रविवार, सकाळी ९

चूक दुरुस्त केली. बाईंची यादीची रीत. की दाबली की नाव घालायचं, सोडली की खोडायचं. एकोणीस ओळी. पस्तीस मिनिटं लागली.

डाव्या हाताने लाल, उजव्या हाताने निळी, दोघं एकदम. थांबत नाहीत, दमही खात नाहीत. दोन कडांनी निघून मधोमध भेटतात. ड्राइव्हवे चाळीस सेकंदांत साफ. इतकं सुंदर चालतंय की मी सलग अकरा डाव खेळलो.

९.४०

हे अर्लीनला सांगायलाच हवं. एकदा बघितलं की तिचं मत बदलेल. फोन केला. जोनीने उचलला. अर्लीन कामावर गेलीय म्हणाली. कसलं काम? कापडाच्या दुकानात, नोव्हेंबरपासून. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. जोनी म्हणाली, “सांगितलं होतं तिने. तू हं म्हणालास.”

म्हटलं, तिला सांग की प्रोग्रॅम आता दोघांसाठी चालतो. जोनी म्हणाली, “बरं.” फोन ठेवायच्या आधी म्हणाली, “माझा गुडघा सप्टेंबरातच बरा झाला होता, क्लाइड. तुला माहीत होतं ना?”

मी हो म्हटलं. माहीत होतं.

५ मार्च, मंगळवार

वर्गाचा शेवटचा दिवस. प्रत्येकाने आपापलं दाखवायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, “दुसरा खेळाडू कोण?” आणि खुर्ची ओढून स्वतः बसायला निघाल्या. मी म्हटलं, “बाई, आता एकट्याचाच आहे.” निळीच्या सगळ्या ओळी काल काढून टाकल्या होत्या. लाल चालला, बर्फ निघाला, एकही चूक आली नाही. टाळ्या झाल्या. सगळ्यांसाठी होत होत्या तेवढ्याच.

बाईंनी जाताना हात हातात घेतला. मग दिवे मालवायला वळल्या. बरं झालं, कारण मला रडू येत होतं.

घरी आलो तर पुन्हा बर्फ, नऊ इंच. म्हटलं आज आपण काढायचा. खराखुरा. बूट घातले, टोपी घातली. गॅरेज पाहिलं, पोर्च पाहिलं, तळघर पाहिलं. पाऊण तास गेला. मग टोपी तशीच ठेवून पलीकडे गेलो आणि पेल्टोलाची बेल वाजवली. तो दार उघडून म्हणाला, “काय रे, काय झालं?” मी सांगितलं, अर्लीन परत यायची नाही. तो म्हणाला, “हो, ठाऊक आहे. ऑगस्टपासून.” मी बुटांवरचा बर्फ झटकला. मग विचारलं, आमच्याकडे बर्फाचं फावडं कुठे असतं, माहीत आहे का.

तेही त्याला ठाऊक होतं.